चार्जिंग न लागणाऱ्या गाडीतून चिंताकीला

गाडी निवडायला मला अकरा महिने लागले. नोकरी पुण्यातल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात, म्हणजे विकत घेणं हाच माझा धंदा. तिथं साधा वॉशर घेतानाही मी तीन ठिकाणचे भाव मागवतो, आणि तिन्ही आले की मला चौथ्याची आठवण येते. त्याच स्वभावानं डिझेल, पेट्रोल, विजेवरची आणि हायब्रिड अशा चार दारांसमोर मी अकरा महिने येरझारा घातल्या. शेवटी हायब्रिड घेतली. हिच्यात पेट्रोलचं इंजिनही असतं आणि विजेची मोटारही. बॅटरी ती चालता चालता आपली आपण भरून घेते, ब्रेक दाबला की भरते, उतारावर भरते. सॉकेटला लावायची गरज नाही. "ज्याला कुठलंच एक ठरवता येत नाही त्याच्यासाठीच कुणीतरी बनवलीय," असं माझी बायको सुमन म्हणाली. तिनं गाडीबद्दल एवढंच मत दिलं, आणि त्यात खोट काढता येण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्याच दिवशी मी बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. शोरूममधली मुलगी खिडकीतून हळूच म्हणाली, "सर, चालू झाली होती. तुम्ही आता बंद केलीत." पंधरा वर्षं आमच्याकडे डिझेलची गाडी होती; ती सुरू झाली की सोसायटीतली कबुतरं उडायची. हिला कबुतरं ओळखतही नाहीत.

नवी गाडी गाणगापूरला दत्ताच्या पायाशी न्यायची, हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण वेगळं होतं. पुढच्या महिन्यात आमच्या मुलीचं, केतकीचं लग्न आहे, आणि तिचे मामा आमच्याशी दोन वर्षं बोलत नाहीत.

मामा म्हणजे सुमनचे थोरले भाऊ. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणतं, मीही म्हणतो. बीदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यात चिंताकी नावाचं गाव आहे, तिथं त्यांची शेती. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाचं लग्न झालं. पंगतीला उशीर होत होता आणि माझा एक पाय जन्मापासून दाराबाहेर असतो. अंधाराच्या आत लातूर गाठायचं म्हणून मी सुमनला उठवलं, गाडी काढली आणि न जेवता निघालो. अप्पांच्या घरात बहिणीच्या नवऱ्याच्या पानात तूप घरधन्यानं स्वतः वाढायचं असतं. ते तुपाची वाटी घेऊन मांडवात आले तेव्हा आमची दोन पानं रिकामी होती आणि आम्ही उदगीरच्या रस्त्याला लागलो होतो. वाटी हातात धरून ते बराच वेळ तिथंच उभे होते, असं नंतर कळलं. त्यानंतर फोन आला नाही. आम्ही केला तर वहिनी उचलायच्या, "रानात गेलेत" म्हणायच्या.

आमच्यात मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या मागे मामा उभा राहतो. मामेभाऊ, चुलतमामा, कुणीही चालतो म्हणतात. पण केतकीनं आम्हाला बसवून सांगितलं, "मामा आला नाही तर माझ्यामागे कुणी उभं राहायचं नाही. ती जागा रिकामी ठेवा. सगळ्यांना दिसू दे." म्हणून चार दिवसांची रजा, डिकीत आहेर आणि पहिली पत्रिका.

गाणगापूर

सोलापूरपर्यंतच्या रस्त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही, कारण मी रस्ता बघितलाच नाही. समोरच्या पडद्यावर लिटरला किती किलोमीटर पडतात ते दिसतं, आणि बाण दिसतात: इंजिनाकडून चाकाकडे, चाकाकडून बॅटरीकडे. मी बाण बघत होतो. "आत्ता बघ, पेट्रोल शून्य!" असं मी अक्कलकोटच्या अलीकडे अकराव्यांदा म्हणालो, तेव्हा सुमननं खिडकीकडे तोंड करून डोळे मिटले.

संध्याकाळी गाणगापूरला पोचलो. इथं पाट्या कन्नड आणि हाका मराठी. लॉजवाला, फुलवाली, रिक्षावाला, सगळे माणूस पाहून भाषा काढतात आणि माझ्याकडे पाहून न विचारता मराठी काढत होते. आपण परक्या राज्यात आलोय हे फक्त मोबाईलला ठाऊक होतं.

सकाळी पूजा. गुरुजींनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली आणि म्हणाले, "हं, चालू करा."

"चालूच आहे," मी म्हणालो.

"तसं नव्हे हो. इंजिन चालू करा."

"इंजिन नाही लागत तिला. विजेवर..."

"मग चार्जिंग करून आणायची नाही का, पूजेला येताना?" गुरुजी जरा रागानंच म्हणाले. मी गाडी पुढं घेतली. लिंबं फुटली तेव्हाच त्यांनी दचकून पाय मागे घेतला. मग मी त्यांना ब्रेकमधून वीज कशी तयार होते ते समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दक्षिणा घेऊन लगबगीनं पुढच्या ट्रॅक्टरकडे गेले. ट्रॅक्टर छान आवाज करत होता.

दुपारी माधुकरी. गाणगापुरात आलेल्यानं पाच घरी जाऊन भिक्षा मागायची, मिळेल ते खायचं, असा रिवाज आहे. गरीब-श्रीमंत काही नाही. नव्या गाडीतून उतरून मी झोळी धरून उभा राहिलो आणि इतका अवघडलो की पहिल्या घरी भाकरीचा तुकडा पडायच्या आत मी पाठ फिरवली. आतून म्हातारी ओरडली, "थांब रे बाबा! वाढू तरी दे!"

सुमन मागून म्हणाली, "बघा. इथंसुद्धा."

मी थांबलो. भाकरी, पातळ वरण, चिमूटभर चटणी. सावलीला बसून खाल्लं. चांगलं लागलं, पण माझं लक्ष घड्याळात होतं.

मादन हिप्परगा

आळंद मागे टाकलं की दोन्ही बाजूंना तूरच तूर. काही रानांत उभी, काही ठिकाणी कापून पेंढ्या लावलेल्या, आणि मळणी यंत्राच्या धुरळ्यात सगळं पिवळसर. आमच्याकडे पुण्यात तूरडाळ पिशवीतून येते; तिचं झाड माणसाच्या डोक्याएवढं उंच असतं हे मी सुमनशी लग्न झाल्यावर शिकलो.

मादन हिप्परग्याच्या तोंडाशी शेळ्यांचा कळप रस्ताभर. मी हळूहळू त्यांच्या मागे गेलो. एकही हलेना. हॉर्न वाजवायला मला लाज वाटते, म्हणून पाच मिनिटं तसाच सरकत राहिलो. अचानक शेळ्या राखणारी बाई वळली, गाडी पाठीशी पाहून दोन फूट उडाली आणि तिनं काठी उगारली.

"आवाज तर करा की! चोरावानी कामून यायलाव?"

"अहो, ही गाडीच बिनआवाजाची आहे."

"मंग तुम्ही तर बोला! तोंड हाय न्हवं?"

सुमन दोन दिवसांत तेव्हा पहिल्यांदा मोकळी हसली.

चहाला थांबलो. हॉटेलवाल्यानं कप ठेवता ठेवता विचारलं, "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का. या भागात 'कसे आहात'च्या जागी हेच विचारतात. पुण्यात पाहुण्याला 'निघालात का?' असं विचारतात, तेही आपुलकीनंच. पण फरक आहे.

गाडीभोवती माणसं जमली. पांढऱ्या टोपीतले एक शेतकरी, तुरीचे एक व्यापारी आणि पंक्चरच्या दुकानातले चाचा. प्रश्न एकच.

"चार्जिंग कुठं करता, सायब?"

"करावंच लागत नाही."

"असं कसं? बैलाला तर पेंड लागती."

"ब्रेक दाबला की बॅटरी भरते."

चाचा पुढं आले. "ब्रेक मारे तो करंट बनता?"

"हो."

"फिर हमारे रोडां पे तो आळंद से यहां तक में फुल्ल हो गई रहेगी जी! हर दस कदम पे एक स्पीडब्रेकर है."

सगळे हसले. व्यापाऱ्यांनी ते कन्नडमध्ये हॉटेलवाल्याला सांगितलं, तो परत हसला, मग शेतकऱ्यानं मराठीत पुन्हा सांगितलं आणि तिसऱ्यांदा हसणं झालं. मी मात्र अस्वस्थ. कारण विनोद बाजूला ठेवला तरी त्यांना माझं पटलं नव्हतं. 'चार्जिंग लागत नाही' हे वाक्य मी प्रवासभर वीसेकदा म्हणालो असेन. दर वेळी माझा आवाज थोडा चढत होता.

बीदर

काळी माती जाऊन लाल माती आली की बीदर जवळ आलं समजायचं. रात्री तिथंच मुक्काम केला आणि सकाळी किल्ला पाहिला. म्हणजे सुमननं पाहिला. मी तटावरून गाडी दिसते का ते पाहत होतो. लाल दगड, खंदक, प्रचंड दरवाजे, आणि दरवाज्यात फोटो काढणारी कॉलेजची मुलं.

सुमन एका कमानीखाली बसली. "काय बोलायचं ते ठरवलंय मी," ती म्हणाली. "आधी मी पाया पडणार. मग तुम्ही पत्रिका द्यायची. आणि एक करा. गाडीबद्दल काही सांगू नका."

"विचारलं तर?"

"विचारलं तरी. हो म्हणा, नाहीतर गप्प बसा. दोन दिवस. जमेल?"

"त्यात काय न जमण्यासारखं?" मी म्हणालो, आणि किती वाजले ते पाहिलं.

चिंताकी

चार वाजता गावात शिरलो. औरादच्या पुढं कन्नड आणि मराठीत तेलुगूही मिसळायला लागते. गावच्या पारावर रस्ता विचारला तर तिन्हींत उत्तर मिळालं आणि तिन्ही उत्तरं एकच होती: सरळ.

वहिनींनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. सुमनला मिठी मारून त्या रडल्या. अप्पा आत होते. बाहेर आले, पंच्यानं हात पुसले. सुमन पाया पडली. तिच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, पण बोलले ते वहिनींशी.

"पावण्यास्नी पाणी द्या."

पावणे म्हणजे मी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी 'दाजी' होतो.

गाडी अंगणात लिंबाखाली लावली आणि उतरताना मला भिंतीवर ते दिसलं. ओलसर नवं सिमेंट, त्यात ठोकलेली लाकडी फळी, तिच्यावर कोरं करकरीत मोठं सॉकेट आणि बटण. मीटरपासून तिथवर नवी काळी वायर, नीट खिळे मारून आणलेली.

"चार दिस झाले, त्याच्याच नादी हायत," वहिनी कौतुकानं म्हणाल्या. "सुमनताईचा फोन आला न्हवं का, करंटवरची गाडी घेतली म्हणून. औरादहून माणूस आणला. म्हणले, पावण्याच्या गाडीला आपल्या दारात उपाशी ठेवायचं का?"

न बोलणारा माणूस चार दिवस माझ्या गाडीच्या जेवणाची सोय करत होता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. सुमनच्या आलं, तिनं माझ्याकडे पाहिलंही. पण शेजारची पाच-सहा माणसं जमली होती, अप्पा दारात उभे होते, आणि वीस वेळा म्हटलेलं वाक्य एकविसाव्यांदा आपोआप बाहेर पडलं.

"अहो, हिला चार्जिंग लागतच नाही!"

आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? बॉनेट उघडून दाखवलं. बाण दाखवले. ब्रेक, उतार, मोटार. "सॉकेट लावायला हिला जागाच नाहीये कुठं," असंही म्हणालो, आणि चारही बाजूंनी फिरून जागा नाही हे सिद्ध करून दाखवलं.

अप्पांनी सगळं ऐकलं. "बरं झालं," ते म्हणाले. "न्हाई लागत तर न्हाई लागत." आत गेले, प्लॅस्टिकची पिशवी आणली, सॉकेटवर घातली आणि सुतळीनं बांधली. धूळ बसू नये म्हणून. तीन गाठी मारल्या.

सुमन माझ्याजवळून जाताना हळू म्हणाली, "दोन मिनिटं नाही जमलं तुम्हाला. मी दोन दिवस म्हणाले होते."

मग गल्लीतल्या बायका गाडी बघायला आल्या. काहीतरी भरपाई करावी म्हणून मी त्यांना आत बसवलं. ब्रेकवर पाय न ठेवता नुसतं बटण दाबलं की पडदा उजळतो, पंखा फिरतो, गाणी लागतात. गाडी मात्र चालू झालेली नसते. भजनं लावून दिली. दारं उघडी, दिवे लागलेले, सगळ्या आळीपाळीनं बसून दिवेलागणीपर्यंत भजनं ऐकत होत्या. एक आजी मागच्या सीटवर झोपल्याच. डिकीतून आहेर काढला. पत्रिका, कुंकू, नारळ अप्पांच्या हातात दिला.

अप्पांनी पत्रिकेवरचं केतकीचं नाव बोटानं वाचलं. "बघू," म्हणाले. "तुरीची रास व्हायची हाय अजून." आणि विहिरीवरच्या मोटारीची लाईट यायची वेळ झाली म्हणून रानात गेले. रात्रीचं जेवण वहिनींनी वाढलं. तूपही त्यांनीच वाढलं.

"उद्या पुरण घालते, जेवून जावा," त्या म्हणाल्या.

"नको वहिनी, सातला निघू. अंधाराच्या आत पुणं गाठायला हवं."

वहिनींनी तुपाची वाटी उचलून आत नेली.

चिंताकी, दुसरा दिवस

सातला मी गाडीत बसलो. सुमनचे डोळे सुजले होते. अप्पा गोठ्यापाशी कडबा तोडत होते, आमच्याकडे पाठ. मी ब्रेक दाबला, बटण दाबलं.

आवाज नाही. हे नेहमीचंच. पण पडदाही उजळला नाही. पुन्हा दाबलं. कुठूनतरी 'टिक' झालं, आणि तेही पुन्हा झालं नाही.

मागे जाऊन पाहिलं. आहेर काढल्यावर डिकीचं दार मी नुसतं टेकवलं होतं. आतला दिवा रात्रभर जळून विझला होता.

पाच मिनिटांत गल्ली जमली.

"ढकला की! गेरमधे टाका अन् ढकला."

"ही ढकलून नाही चालू होत."

"पेट्रोल हाय का?"

"आहे."

"करंट?"

मी मोबाईल काढला. कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन केला. पलीकडची मुलगी फार नम्र होती. गावाचं नाव तिनं चार वेळा विचारलं आणि माणूस संध्याकाळपर्यंत येईल असं म्हणाली.

कडबा तोडायचा आवाज थांबला. अप्पा आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बॉनेट उघडा."

मी उघडलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि कोपऱ्यातल्या लहान बॅटरीवर बोट ठेवलं. "ही कोण?"

"छोटी बॅटरी. दिवे, पंखा, पडदा तिच्यावर चालतात."

"अन् मोठी?"

"मोठी मागे आहे. सीटखाली. ती भरलेली असणार."

"भरलेली हाय तर गाडी कामून उठंना?"

"मोठीला जागं करायला छोटी लागते," मी म्हणालो. काल एवढं व्याख्यान दिलं होतं, त्यात हा भाग नव्हता.

अप्पांनी मान हलवली. "म्हंजे थोरला घरात तगडा बसलाय, पर त्याला उठवायला धाकटं पाहिजे. अन् धाकट्याला तुम्ही रातभर उपाशी ठिवलं."

"धाकटी आलीय की उठवायला," सुमन पाठीमागून म्हणाली. "थोरला उठंना झालाय."

अप्पा वाकलेले होते ते तसेच वाकून राहिले. मग बॉनेटच्या आतच कुठंतरी बघत म्हणाले, "सुमे, तुझी जीभ हाय तशीच हाय."

"ट्रॅक्टरची बॅटरी जोडता येईल का?" मी विचारलं. "एवढा झटका दिला की पाच मिनिटांत काम होतं, ऐकलंय मी."

"ट्रॅक्टर रानात गेलाय," अप्पा म्हणाले. "सांजेला यील."

ते आत गेले आणि एक जड लोखंडी डबा घेऊन आले. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या भरायचा चार्जर. मग भिंतीपाशी जाऊन त्यांनी सुतळीच्या तीन गाठी एकेक करून सोडल्या, घाई न करता. पिशवी घडी घालून खिशात ठेवली. पिन सॉकेटात घातली, चिमटे बॅटरीला लावले, बटण दाबलं. डब्यावर लाल दिवा लागला.

"लागत न्हाई म्हणत होता न्हवं," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं.

"गप रे," अप्पा म्हणाले. "पावण्याला हसत्यात व्हय?"

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"हिरवा लागंपर्यंत."

"म्हणजे अंदाजे?"

"हिरवा लागंपर्यंत, दाजी."

दाजी! मी सुमनकडे पाहिलं. ती वहिनींबरोबर आत जात होती. आतून डाळ शिजल्याचा वास येत होता. वहिनींनी मला न विचारता पुरण घातलं होतं.

अकराला लाईट गेली. लाल दिवाही गेला. मी उठलो, फाटकापर्यंत गेलो, परत आलो, डब्याकडे पाहिलं, पुन्हा फाटकापर्यंत गेलो. अप्पा बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. "कामून हिंडायलाव?" ते म्हणाले. "तुम्ही हिंडल्यानं लाईट येती व्हय? बसा." त्यांनी शेंगांचं सूप माझ्या पुढ्यात सरकवलं.

मी बसलो. शेंगा सोलायला लागलो. त्यांच्या चार झाल्या की माझी एक व्हायची. त्यांनी नवऱ्यामुलाचं विचारलं. स्वभाव कसा, आई-वडील कसे, जेवायला बसल्यावर मोबाईल बघतो का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं. "ते बघायला पाहिजे होतं तुम्ही," ते म्हणाले. मग सूप रिकामं होईपर्यंत आम्ही सोलत राहिलो. मला आठवत नाही तेवढ्या वर्षांत मी कुणाच्या अंगणात इतका वेळ बसलो नव्हतो.

दीडला लाईट आली आणि पानं मांडली. पुरणपोळी, कटाची आमटी, अंबाडीची भाजी, भजी. मी पहिला घास मोडणार तोच वहिनी म्हणाल्या, "थांबा."

अप्पा आतून तुपाची वाटी घेऊन आले. माझ्या पानासमोर उकिडवे बसले आणि पोळीवर तूप सोडलं. मी 'पुरे' म्हणालो. ते सोडत राहिले. मी दुसऱ्यांदा 'पुरे' म्हणालो नाही. वाटी रिकामी झाल्यावरच ते उठले.

लग्नाला येण्याबद्दल त्यांनी अजून हो किंवा नाही काहीच म्हटलेलं नव्हतं. सुमननं विचारलं नाही. मलाही विचारू दिलं नाही. पानाखालून पाय दाबून गप्प केलं.

अडीचला हिरवा दिवा लागला. बटण दाबलं; पडदा उजळला. गल्ली श्वास रोखून उभी.

"झाली का चालू?"

"झाली."

"कशावरनं?"

"माझ्यावर विश्वास ठेवा," मी म्हणालो, आणि अख्खी गल्ली हसली. मीही हसलो.

अंगणात गाडी वळेना, म्हणून अप्पांनी हात करून मला गोठ्याच्या मागून वळसा घ्यायला सांगितलं. सुमन अजून वहिनींचा निरोप घेत होती. मी एकटाच गोठ्यामागे गेलो आणि ब्रेक दाबला.

ट्रॅक्टर तिथंच उभा होता. पत्र्याच्या सावलीत, ऐसपैस. सीटवर कोंबडी बसली होती. ती तिथं सकाळपासून असावी असं तिच्या तोंडावरून वाटत होतं. सकाळी सातला जोडला असता तर सात वाजून पाच मिनिटांनी मी उदगीरच्या रस्त्याला असतो.

वळून फाटकापाशी आलो. सुमन आत बसली. खिडकीवर हात टेकून अप्पा उभे. मी म्हणालो, "अप्पा, तो ट्रॅक्टर..."

"कुठला ट्रॅक्टर?" अप्पा म्हणाले.

मी गाडी सोडली. अप्पा खिडकीवरचा हात न काढता बरोबर चालू लागले. जुनी डिझेलची असती तर इथून पुढचं मला ऐकू आलं नसतं. तिच्या आवाजात कितीतरी निरोप नुसते ओठ हलताना पाहिलेत मी. हिच्यात चाकाखालची खडीसुद्धा ऐकू येत होती, आणि अप्पांचा खालच्या पट्टीतला आवाज.

"रडायलीस कामून, सुमे? पोरीला सांग, चार दिस आधी यीन म्हणावं. चार्जर घेऊन यीन. पुण्यात ही बंद पडली तर तुमचं हाय कोण?"

फाटक आलं. त्यांनी हात काढला, मग पुन्हा ठेवला आणि वाकून माझ्याकडे पाहिलं.

"अन् दाजी, आधीच सांगून ठिवतो. मी जेवल्याबिगर निघणाऱ्यातला न्हाई."